सीपॅप मशीन, सात महिन्यांनंतर: दुपारची पेंग गेली का?

मार्चमध्ये स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी, सीपॅप घेतलं: मास्कमधून दाबाने हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन. जळगावच्या तपासणीत झोपेत तासाला 38 वेळा श्वास अडकत होता. 30 च्या वर म्हणजे आजार तीव्र. तरी मला तो पटला एपवर्थच्या कागदामुळे.

मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये मांडलेली ही आठ प्रश्नांची यादी. वाचताना, टीव्हीसमोर, जेवून शांत बसल्यावर, कोणाशी बोलताना डुलकी लागेल का? प्रत्येकी 0 ते 3 गुण. 10 च्या वर गेलं की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर. मी भरून 9 आणले. घरच्यांनी, म्हणजे बायकोने, कागद हातातून घेतला. "बोलताना शून्य? परवा ओट्यावर आप्पा केळीचा भाव सांगत होते अन् तुम्ही मान टाकून झोपले होते." त्यांनी भरल्यावर 16 झाले. पेंगेची इतकी सवय झालेली असते की ती आपल्याला कळतच नाही.

महिन्याभराने मशीनवर तासाला श्वास अडकण्याचा आकडा आला 3. मी खूश. पण एपवर्थ अजून 12! डॉक्टरांनी वापराचे तास काढले: रोज जेमतेम साडेतीन. मास्क तोंडावर असेल तेवढ्याच वेळाचे अडथळे मशीन मोजतं. मी दोनला मास्क काढून ठेवत होतो, पहाटेचं घोरणं मोजणार कोण?

काढत होतो त्याला कारण होतं. विक्रेत्याने मोठ्या मापाचा मास्क दिलेला, त्यातून डोळ्यांवर हवा यायची. तक्रार केली तर पट्टे आवळा म्हणाले, आवळून नाकावर जखम झाली. त्यात एप्रिलचा उकाडा, आणि लाइट गेली की मशीन बंद, जीव घाबरा होऊन दचकून उठायचो. लहान मापाचा मास्क आणि इन्व्हर्टर घेतल्यावर सहा तास व्हायला लागले. ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात) डिस्टिल्ड पाणीच घालतो, आमच्या बोअरच्या पाण्याने भांड्यात पांढरा थर बसला होता.

आता एपवर्थ 6. डॉक्टर दुसरीही एक प्रश्नावली भरून घेतात, झोपेमुळे काय काय करता येत नाही याची: लक्ष लागतं का, गाडी चालवता येते का, नवरा-बायकोतली जवळीक कशी आहे. माझ्यासाठी तीच जास्त मोलाची. वर्षभर मोटारसायकल पोराकडे होती. दसऱ्याला चोपड्याहून यावलला मी स्वतः चालवत गेलो, घरचे मागे बसले. आधी त्या बसायलाच तयार नव्हत्या.

सकाळी तोंड अजून कोरडं पडतं, त्यावर उपाय सापडलेला नाही. पुढच्या तपासणीला एपवर्थचे कागद दोन मागणार आहे, एक घरच्यांसाठी.