चार तासांची की दिवसभराची? एडीएचडीची गोळी ठरवताना

आमच्याकडे गोळी म्हणजे दोन चमच्यांमध्ये चुरडायची, मधात कालवायची आणि चाटवायची. सासूबाईंनी दोन पिढ्या अशाच वाढवल्या. माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, चंचलपणा आवरत नाही. त्याला लाँग अ‍ॅक्टिंग मिथिलफेनिडेट सुरू झालं त्या पहिल्या सकाळी मी त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला, तेव्हा त्या चिडल्याच. "अगं, पोराला गिळता येत नाही, मग चुरडून दे की!" चूक त्यांची नव्हती. दिवसभर थोडं थोडं सुटायचं औषध चुरडलं तर एकदमच अंगात जातं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खरं तर मलाही आदल्या संध्याकाळीच कळलं होतं.

ज्यांच्यापुढे आता हा निर्णय आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कुठलं औषध आणि किती, ते मनोविकारतज्ज्ञच सांगतील. पण "साधी देऊ की लाँग अ‍ॅक्टिंग?" असं त्यांनी आपल्यालाच विचारलं, तर काहीतरी उत्तर जवळ असावं.

पहिला गैरसमज असा की लाँग अ‍ॅक्टिंग म्हणजे जास्त जोराची गोळी. तसं नाही. औषध एकच, मिथिलफेनिडेट. 1944 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन यांनी ते बनवलं आणि पत्नी मार्गेरीत, म्हणजे घरातली रीटा, हिच्यावरून पुढे त्याला रिटालिन नाव पडलं. बदलतो तो फक्त सुटण्याचा वेग. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि चारेक तासांत ओसरते. एसआर, म्हणजे जरा हळू सुटणारी गोळी, साधारण आठ तास टिकते. कॉन्सर्टा या ब्रँडसारखी गोळी दहा ते बारा तास.

ही कॉन्सर्टा पद्धतीची गोळी म्हणजे कारागिरीचा नमुना आहे. 18 मिलिग्रॅममधले सुमारे 4 वरच्या थरात असतात, ते पहिल्या तासाभरात काम सुरू करतात. उरलेले 14 आतल्या कडक कवचात. कवचाला लेझरने पाडलेलं बारीक भोक असतं. पोटातलं पाणी आत शिरतं, तळाचा थर फुगतो आणि औषधाला त्या भोकातून हळूहळू बाहेर ढकलतो. रिकामं कवच शौचावाटे तसंच बाहेर पडतं. आमच्याकडे ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा "गोळी पचलीच नाही" म्हणून घरभर गोंधळ झाला होता. औषध गेलेलं असतं, उरते ती नुसती डबी. आतड्यात कुठे अरुंदपणा असेल तर मात्र ही गोळी देत नाहीत.

हिशेबही सांगते, कारण आकडे बघून लोक दचकतात. साधी 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेणाऱ्याला कॉन्सर्टाची 18 ची एक लागते. 10 ची तीनदा घेत असेल तर 36 ची. म्हणजे 36 वाचून "बापरे, केवढा डोस" असं व्हायला नको.

आता साध्या गोळीच्या बाजूने. सुरुवातीला ती फार सोयीची. थोड्या थोड्या पायऱ्यांनी वाढवता येते, डॉक्टरांनी सांगितलं तर अर्धी करता येते आणि नाही मानवली तरी दुपारच्या जेवणापर्यंत सगळं निवळतं. अडचण दुसऱ्या गोळीची. ती मधल्या सुट्टीत द्यायची कुणी? मुलाने स्वतः दप्तरात नेली तर मित्रांना दिसते, हरवते, कधी वाटलीही जाते. वर्गशिक्षिकांकडे ठेवली तर साऱ्या शाळेला कळतं. शिवाय दर चार तासांनी चढ-उतार. औषध उतरताना काही मुलं रडवेली होतात, काही उगाच भांडतात. लाँग अ‍ॅक्टिंगमध्येही हे होतं, पण दिवसातून एकदाच, संध्याकाळी.

म्हणून मला वाटतं, आधी घड्याळ बघावं आणि मग गोळी. आपल्याकडे शाळा दोन पाळ्यांत. माझा मुलगा सातवीत, सकाळची शाळा. सव्वासहाला गोळी घेतली की शाळा, दुपारची झोप आणि क्लास धरून संध्याकाळी सहाच्या सुमारास असर संपतो. रात्री नऊला झोप येते. हेच मूल दुपारच्या शाळेत असतं आणि गोळी दहाला घेत असतं तर रात्री दहापर्यंत डोळे टक्क उघडे. तिथे एसआरची आठ तासांची गोळी जास्त शहाणपणाची ठरू शकते. सकाळची गोळी विसरली आणि दुपार झाली तर लाँग अ‍ॅक्टिंग त्या दिवशी राहू द्यायची. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करायची नाही.

भूक हा खरा त्रास. डबा जसाच्या तसा परत येतो, पोळीला हातही लागलेला नसतो. आम्ही भांडणं सोडून वेळ बदलली: गोळीच्या आधी भरपेट नाश्ता (घावन, अंडं, तूप घातलेला मऊभात, काहीही), दुपारी जे जाईल ते, आणि संध्याकाळी भूक परतली की खरं जेवण. रात्री दूध. वजन-उंची वहीत लिहून ठेवते. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या 2018 च्या मार्गदर्शनानुसार उंची दर सहा महिन्यांनी मोजायची, दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी, आणि नाडी-रक्तदाब दर सहा महिन्यांनी व डोस बदलला की प्रत्येक वेळी. आपल्याकडे हे कुणी आपणहून करेल याची वाट बघू नका, तपासणीला गेलात की स्वतः मागा.

पहिली चिठ्ठी लिहून घेण्याआधी डॉक्टरांना न विचारताही सांगायच्या गोष्टी: घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलं का, मुलाला कधी चक्कर येऊन पडायला झालं का, काचबिंदू, टिक्स (आपोआप डोळे मिचकावणं, मान झटकणं), फिट्स, आणि दुसरी चालू औषधं. सर्दीच्या काही गोळ्याही रक्तदाब वाढवतात, त्या विचारूनच द्यायच्या. छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, नसलेलं दिसणं-ऐकू येणं, बोटं पांढरी-निळी पडून दुखणं, मुलग्यांमध्ये लिंगाचा ताठरपणा दुखत तासन् तास टिकणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

गिळता न येण्यावर आमचा उपाय बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. आधी त्या पाण्याबरोबर, मग थोड्या मोठ्या, दहा दिवसांत जमलं. लाँग अ‍ॅक्टिंगमध्ये बारीक दाणे भरलेल्या कॅप्सूलही असतात. त्यातल्या काही उघडून दाणे चमचाभर गार, मऊ पदार्थावर टाकून न चावता गिळता येतात. पण प्रत्येक कॅप्सूल तशी नसते, विचारल्याशिवाय उघडू नका.

तिसरा पर्याय अ‍ॅटोमॉक्सेटिन. मिथिलफेनिडेटसारखं हे उत्तेजक (मेंदूला चालना देणारं) औषध नाही. असर चोवीस तास, पण पूर्ण परिणाम दिसायला चार-सहा आठवडे जातात, आणि रविवारी बंद-सोमवारी चालू असं चालत नाही. सरासरीने परिणाम मिथिलफेनिडेटपेक्षा कमी. मळमळ, पेंग येते. मुलांमध्ये आत्महत्येचे विचार येऊ शकतात असा ठळक इशारा त्यावर आहे, म्हणून पहिले काही आठवडे मूल गप्प-गप्प झालं तर लक्ष हवं. तरीही घरात व्यसनाचा प्रश्न असेल, किंवा उत्तेजक मानवत नसेल, तर मी याचा आधी विचार करेन. शिवाय ते मिळतं सहज.

मिथिलफेनिडेट सहज मिळत नाही. ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक केमिस्ट दोन वर्षं ठेवतो, आणि तसा परवाना असलेली दुकानं मोजकी. मी एकदा चार दुकानं फिरले, एकाने तर माझ्याकडे चोरासारखं बघितलं. तेव्हा शेवटच्या पाच गोळ्या उरेपर्यंत थांबायचं नाही. आणि अ‍ॅडवाइज, इन्स्पिरल अशी मिथिलफेनिडेटची ब्रँड-नावं बदलताना "मिलिग्रॅम तेच आहे ना" एवढ्यावर समाधान मानू नका. 2014 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने कॉन्सर्टाच्या दोन जेनेरिक गोळ्यांचा समतुल्य दर्जा काढून घेतला, कारण त्या दुपारनंतर हव्या तशा सुटत नसल्याची शंका होती. आकडा तोच, संध्याकाळ वेगळी. कंपनी बदलली की आठवडाभर झोप, भूक आणि दुपारचा अभ्यास लिहून ठेवा.

अमेरिकेतून परतणाऱ्यांनी आणखी एक बघावं. तिथे सर्रास मिळणारं अ‍ॅडरॉल, म्हणजे अ‍ॅम्फेटामिन, इथल्या दुकानांत नाही. औषध बदलण्याची योजना विमानात बसण्याआधी तिथल्या डॉक्टरांबरोबर करून या. जपानला अ‍ॅडरॉल नेताच येत नाही, आणि दुबईला मिथिलफेनिडेट नेताना आधी परवानगी काढावी लागते.

आम्ही बारा तासांची गोळी घेतली आणि ती कुलपात ठेवतो, मोजून. सासूबाई आता रोज सकाळी स्वतः पाण्याचा पेला घेऊन उभ्या असतात, "चावू नकोस रे" म्हणत. पुढच्या वर्षी आठवीची शाळा दुपारची होणार आहे, तेव्हा हे सगळं गणित पुन्हा मांडायला लागेल. डॉक्टरांची वेळ मी जूनच्या पहिल्या आठवड्यातली घेऊन ठेवली आहे.