नवीन क्रेडिट कार्डसाठी बँकेवर भरवसा ठेवायचा का? काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यापासून एका खाजगी बँकेचं क्रेडिट कार्ड वापरून राहिलो आहे. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगतोय ते कोणत्याही बँकेचं कार्ड घेताना तपासून पाहावं असंच आहे.

कार्ड घ्यायचं म्हटल्यावर घरी बाबांचा पहिला प्रश्न, "कायले पाहिजे उधारीचं कार्ड?" आणि घ्यायचंच असेल तर नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या जुन्या सरकारी बँकेचं घे, तिथे इतक्या वर्षांचं खातं आहे, बँक भरवशाची आहे. बाबांचं म्हणणं खात्यासाठी बरोबर आहे. खात्यात आपला पैसा बँकेकडे असतो, बँकेला काही झालं तर ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो, तिथे बँक किती जुनी किती पक्की हे पाहावंच लागतं. पण कार्डात उलटं आहे ना, पैसा बँकेचा आणि वापरतो आपण, म्हणजे बँक बुडेल का ही भीतीच नाही, भीती आहे ती बिलात काय काय लावेल आणि चुकीचं लावलं तर काढेल का याची. मला वाटतं लोक इथेच गोंधळतात, जाहिरात आणि एअरपोर्टवरचं लाउंज पाहून कार्ड घेतात किंवा मोठं नाव पाहून घेतात, आणि बिल कसं बनतं ते कोणी पाहतच नाही.

म्हणून मी अर्ज करायच्या आधी बँकेच्या वेबसाइटवरून अटी-शर्तींची पीडीएफ काढून नीट वाचली. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचे ४२, वरून त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ४०,००० चं बिल आलं आणि तुम्ही फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, म्हणून २,००० भरले तर उरलेल्या ३८,००० वर महिन्याचं व्याज १,३३० आणि जीएसटी धरून साधारण १,५७०, म्हणजे भरलेल्या २,००० मधले जेमतेम चार-सव्वाचारशे मुद्दलाला लागले समजा. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. एटीएममधून कॅश काढली तर तसंही लगेच सुरू. हे सगळं त्या पीडीएफमध्ये लिहिलेलं असतं, फक्त कार्ड विकायला फोन करणारा मुलगा त्यातलं काही सांगत नाही.

वापर म्हणाल तर सुरुवात चांगली झाली. एप्रिलमध्ये सीताबर्डीवर कूलर घेतला, दुकानदाराने नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे व्याजाइतकी सूट मिळणारे हप्ते, करून दिला. त्यातही व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याला पडतेच, पण ॲपमध्ये हप्त्यातलं मुद्दल किती, व्याज किती, सूट किती हे वेगवेगळं दाखवलं होतं आणि ते मला आवडलं. विदेशातले व्यवहार बंदच होते, लागेल तेव्हा स्वतः चालू करायचे, तेही बरं. रिवॉर्ड पॉइंटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, मिळतात, थोडेफार कामात येतात.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर किराणा आणि पेट्रोलच्या ओळींच्या मध्ये कार्ड प्रोटेक्शन प्लॅन (कार्ड हरवलं, चोरीला गेलं तर कामात येणारी सेवा) १,४९९ आणि त्याखाली जीएसटी २६९.८२. असा कोणताही प्लॅन मी मागितला नव्हता. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे सर तुम्ही कॉलवर हो म्हटलं आहे. मी म्हटलं रेकॉर्डिंग ऐकवा. मग दोन दिवसांत कळवतो, मग अजून थोडा वेळ लागेल, असं सुरू झालं. धरमपेठच्या शाखेत गेलो, तिथल्या मॅडम बोलायला चांगल्या होत्या पण कार्डचं काम शाखेकडे नाही म्हणून त्यांनी हात वर केले. मग ईमेल लिहिला, तक्रार नंबर घेतला, आणि त्यात स्पष्ट लिहिलं की माझी संमती दाखवा, नाहीतर रक्कम परत करा, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. त्यानंतर १,४९९ परत आले पण जीएसटीचे २६९.८२ तसेच राहिले! त्यासाठी पुन्हा नोडल ऑफिसरला, म्हणजे बँकेतल्या तक्रारी पाहणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, लिहावं लागलं, तेव्हा तेही आले. रेकॉर्डिंग शेवटपर्यंत कोणी ऐकवलं नाही.

रक्कम लहान आहे म्हणून सोडून द्या असं ऑफिसमधल्या काही जणांनी सुचवलं. मला ते पटत नाही. न मागितलेली गोष्ट बिलात येणं हाच तर भरवशाचा प्रश्न आहे, आणि हजारो लोक बिलाची फक्त एकूण रक्कम पाहून भरत असतील. लोकपालाची तक्रार ऑनलाइन फुकटात होते, त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या ऑफिसात खेटे घालायची गरज नाही, फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली पाहिजे. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो, म्हणून ईमेलच करा.

तर मग भरवसा आहे का? बँकेने पैसे परत केले हे खरं, पण मागे लागल्यावर केले, म्हणून मी पूर्ण भरवसा देणार नाही, कार्ड मात्र ठेवलं आहे. पगाराच्या खात्यातून पूर्ण बिल ऑटो पे होतं, आणि पैसे कटायच्या आधी मी स्टेटमेंट ओळीओळीने वाचतो. माझा चुलत भाऊ बुटीबोरीला नोकरीला लागला आहे, त्यालाही रोज कार्डसाठी फोन येऊन राहिले आहेत. त्याला मी एवढंच सांगितलं की भाऊ, अर्ज करायच्या आधी त्या बँकेच्या कस्टमर केअरला स्वतः फोन लाव, माणूस किती वेळाने मिळतो पाहा, आणि कार्ड बंद कसं करायचं हे विचार. या एका प्रश्नावर जो टाळाटाळ करतो त्याचं कार्ड घेऊ नको. दोन बँकांना मी स्वतः हेच विचारलं होतं, एकीने ॲपमधला पर्याय सांगितला, दुसरीने नवीन ऑफर सुरू केली.

२०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावर काही बाकी रक्कम नसेल तर कार्ड बंद करायचा अर्ज ७ कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावा लागतो, नाहीतर बँकेने ग्राहकाला दर दिवसाचे ५०० रुपये द्यायचे असतात. माझ्या कार्डाचं वर्ष आता भरत आलं आहे. ठराविक खर्च झाला की वार्षिक फी माफ अशी अट आहे आणि तेवढा खर्च झालेला आहे. तरी फी लागलीच तर एक ईमेल फी परत करा म्हणून, आणि नाही केली तर दुसरा कार्ड बंद करा म्हणून.