आधी तारीख, मग नाव: ऑस्ट्रेलियातल्या छोट्या ब्रुअरींच्या बिअर, काही महिन्यांच्या चवीनंतर

मेलबर्नला आल्यावर घरात मोठ्या कंपन्यांची लागर (नेहमीची हलकी, स्वच्छ पिवळी बिअर) येणं हळूहळू बंद झालं. गेला हिवाळा आणि त्यामागचा उन्हाळा आम्ही नवरा-बायको छोट्या ब्रुअरींच्या बिअर शेजारी-शेजारी ओतून पीत आलो. एका संध्याकाळी दोनच, त्याही अर्ध्या-अर्ध्या वाटून, आणि काय वाटलं ते लगेच वहीत. आता ठामपणे सांगतो: बिअर घेताना आधी कॅनच्या तळाशी छापलेली, बिअर भरल्याची तारीख बघा, नाव नंतर.

एकाच हेझी पेल एलचे (मुद्दाम गढूळ ठेवलेल्या, फिकट रंगाच्या बिअरचे) दोन कॅन एकदा समोरासमोर आले. एक थेट ब्रुअरीतून आणलेला, अगदी ताजा भरलेला. दुसरा दुकानातल्या फ्रीजबाहेरच्या रॅकवरचा, चार महिने जुना, पण ‘बेस्ट बिफोर’ उलटायला भरपूर अवकाश असलेला. ताजी बिअर फिकट पन्ह्यासारखी गढूळ पिवळी, वर दाट पांढरा फेस, आणि ग्लास नाकाशी नेताच पीच, पॅशनफ्रूट. जुनीचा रंग मातकट झालेला. फळांचा वास गायब, मागे उरलेला चिकट गोडवा आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा दर्प. हॉप्स म्हणजे बिअरला वास आणि कडवटपणा देणारी वेलीवरची फुलं; त्यांतली सुगंधी तेलं टिकाऊ नसतात. भरताना आत राहिलेला थोडासा ऑक्सिजन आणि दुकानातली उष्णता मिळून त्यांचा निकाल लावतात. मुदत संपलेली नसली तरी चव संपलेली असू शकते.

ऑस्ट्रेलियन बिअरच्या बाबतीत हे जास्त जाणवतं, कारण इथल्या कितीतरी बिअरची सगळी मदार गॅलेक्सी नावाच्या स्थानिक हॉपवर असते. पॅशनफ्रूटचा तो ओळखीचा वास त्याचाच. बायरन बेच्या स्टोन अँड वुडची पॅसिफिक एल (४.४ टक्के अल्कोहोल) म्हणजे तर जव, गहू आणि गॅलेक्सी, एवढंच. कडवटपणा जवळजवळ नाही. ही ब्रुअरी २००८ साली सुरू झाली आणि २०२१ मध्ये लायन या बड्या कंपनीने घेतली, त्यामुळे तिला आता छोटी म्हणता येत नाही. पण तुलनेला मापदंड म्हणून मी तीच ठेवतो. उकाड्यात तळलेल्या बांगड्याबरोबर तिच्याइतकी जमणारी दुसरी मला मिळाली नाही.

तिच्या शेजारी ब्लू माउंटन्समधल्या कटूंबा गावच्या माउंटन कल्चरची स्टेटस क्वो (५.२ टक्के) ओतली की फरक पहिल्या घोटात कळतो. ही जाड, रसाळ, जिभेवर मऊ. ताजी असेल तर या सगळ्यांत माझी पहिली पसंती. शिळी झाली की मात्र सगळ्यात आधी हीच पडते, म्हणून फ्रीजमध्ये ठेवलेली असेल तरच घ्या.

कूपर्स छोटी नाही, पण कुटुंबाच्या हातात आहे. ॲडलेडमध्ये १८६२ पासून. लाल लेबलची स्पार्कलिंग एल (५.८ टक्के) बाटलीतच पुन्हा आंबते, यीस्टचा गाळ तळाशी बसलेला असतो. उघडण्याआधी बाटली आडवी धरून टेबलावर हलकेच फिरवायची, म्हणजे गाळ सगळीकडे मिसळतो. तो जिवंत यीस्ट आतला ऑक्सिजन खातो, म्हणूनच जुनी बाटलीसुद्धा सहसा दगा देत नाही. उसळीबरोबर, मिसळीबरोबर मी हीच घेतो. तिखटापुढे हेझी बिअरचा वास टिकत नाही, हिचा माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाची चव, टिकतो.

वुडएंड गावच्या होलगेट ब्रुअरीची टेम्प्ट्रेस (६ टक्के) ही कोको आणि व्हॅनिला घातलेली पोर्टर, म्हणजे भाजक्या चवीची काळसर बिअर. थंडीतली. फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवा, गारढोण प्यायलात तर कोको लागतच नाही. चकणा नको, जेवणानंतर एकटीच.

व्यवहाराचं थोडं. प्रत्येक कॅनवर ‘स्टँडर्ड ड्रिंक’चा आकडा असतो, एक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. कूपर्स स्पार्कलिंगच्या ३७५ मिलीच्या बाटलीत असे १.७ निघतात, म्हणजे एका बाटलीत जवळपास दोन. गाडी चालवायला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा इथे ०.०५ टक्के आहे, तेव्हा ब्रुअरीत जाताना ट्रेन बघा. किंमत चढीच आहे: मद्यावरचं अबकारी शुल्क भारी आणि छोट्यांना घाऊक खरेदीचा फायदा नाही. म्हणून मी कमी आणतो, ताजी आणतो. उन्हाळ्यात कुरिअरने मागवणं बंद केलंय, गाडीत तापलेले कॅन पैसे पाण्यात घालतात.

सध्या डोळे मार्चकडे लागलेत. बीचवर्थच्या ब्रिज रोड ब्रुअर्सची पेल एल (४.८ टक्के) मला आवडतेच, कडवटपणा आणि माल्ट दोन्ही जागच्या जागी. त्यांच्या शेजारच्या ओव्हन्स खोऱ्यात हॉप्सचे मळे आहेत आणि काढणी मार्चमध्ये होते. एरवी हॉप्स वाळवून, गोळ्या करून वापरतात, पण काढणीच्या दिवसांत काही ब्रुअर ओले हॉप्स वेलीवरून उतरवून काही तासांत बिअरमध्ये घालतात. ती बिअर वर्षातून एकदाच निघते. या वेळी ती तिथेच जाऊन, टॅपवरची प्यायची आहे.