बोइंक वापरायचंय? आधी सेटिंग, मग प्रोजेक्ट

बोइंक हे सॉफ्टवेअर पीसीवर बसवून तसंच सोडून दिलं तर मी त्याला दोन तारे देईन. अर्धा तास सेटिंगमध्ये घालवला तर साडेचार. माझं अकोल्यात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे अहवाल. मुख्य पीसीला सहा कोर, बारा थ्रेड (म्हणजे प्रोसेसर एका वेळी बारा कामं हाताळतो), 16 जीबी रॅम. आणि गिऱ्हाईक प्रूफ तपासून परत आणेपर्यंत हे सगळं नुसतं बसून असतं. रात्री तर काहीच काम नाही.

बोइंक हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेलं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. शास्त्रज्ञांची मोठी गणितं तुकडे करून लोकांच्या संगणकांवर पाठवायची आणि उत्तरं परत गोळा करायची, हे त्याचं काम. 1999 साली सुरू झालेल्या, परग्रहावरचे संदेश शोधणाऱ्या सेटी अ‍ॅट होमचा रंगीत स्क्रीनसेव्हर काहींना आठवत असेल. त्याच मंडळींचं हे पुढचं पाऊल. सेटीने मार्च 2020 अखेर नवं काम पाठवणं थांबवलं, पण बाकीचे प्रकल्प चालू आहेत. मी आइन्स्टाइन अ‍ॅट होम निवडलं. लायगो या वेधशाळेच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी (अवकाशातून येणारी अतिसूक्ष्म कंपनं) शोधायच्या, शिवाय पल्सार म्हणजे वेगाने फिरणारे मृत तारे शोधायचे. आमच्याकडून वाशीम ओलांडलं की हिंगोली जिल्हा, आणि तिथल्या औंढ्याला लायगो-इंडिया होणार आहे. 2023 मध्ये त्याला केंद्राची मंजुरी मिळाली, तेव्हापासून हा विषय जरा घरचाच वाटतो.

आता मुद्द्याचं. बोइंक मॅनेजर, म्हणजे पीसीवरची बोइंकची खिडकी, तिच्या ऑप्शन्समधून कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेस उघडलं की वरच दोन आकडे दिसतात: किती टक्के सीपीयू वापरायचे आणि किती टक्के सीपीयू टाइम वापरायचा. दोन्ही सारखेच वाटतात, पण तसं नाही. पहिला आकडा एका वेळी किती कामं चालतील ते ठरवतो. इथे सीपीयू म्हणजे थ्रेड, म्हणून माझ्या पीसीवर 50 टक्के म्हणजे सहा कामं, आणि 100 ठेवलं तर बारा. दुसरा आकडा 100 पेक्षा कमी केला, की बोइंक सगळी कामं दर काही सेकंदांनी थांबवतं आणि पुन्हा सोडतं. सरासरी बरोबर येते, पण प्रोसेसर तापतो, निवतो, परत तापतो, आणि पंखा त्याच्या मागे धावतो. हा आकडा 60 करून बघितला, तेव्हा आमच्याकडे कंपोझिंग करणारा मुलगा विचारायला आला, "ताई, हा पीसी कायले एवढा घुरघुरून राह्यला?" तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. सीपीयू टाइम 100 वरच राहू द्या आणि उष्णता कमी करायची असेल तर सीपीयूंची टक्केवारी उतरवा. आवाज एकसारखा राहतो, त्याची सवय होते.

बोइंकची कामं सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीने चालतात, त्यामुळे टायपिंग अडखळत नाही, हे खरं. पण उष्णतेला प्रायॉरिटी कळत नाही, आणि रॅमलाही नाही. कोरलड्रॉमध्ये जड फोटो टाकून पत्रिका लावताना मला पूर्ण मशीन लागतं. त्यासाठी एक्सक्लुझिव्ह अ‍ॅप्लिकेशन्स नावाचा भाग आहे. तिथे कोरलची ईएक्सई फाइल नोंदवली की कोरल उघडं असेपर्यंत बोइंक गप्प. ही सोय मला सर्वांत आवडली. 'संगणक वापरात असताना थांबा' हा पर्याय दुकानात निरुपयोगी आहे, कारण त्याच्या हिशेबाने शेवटच्या तीन मिनिटांत माउस हलला म्हणजे वापर. दुकानात माउस सतत हलतो, मग दिवसभर काही गणितच होणार नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमांनी 25 टक्क्यांवर सीपीयू घेतला की थांबायचं, हीसुद्धा एक सेटिंग आहे. ती चालू असू द्या, फक्त अँटिव्हायरसचा स्कॅन लागला की कामं आपोआप थांबलेली दिसतील. घाबरून पुन्हा इन्स्टॉल करू नका.

थांबलेली कामं रॅममध्येच ठेवायची का, असा एक चौकोन आहे. टिक नसेल तर काम रॅममधून निघतं आणि पुन्हा सुरू होताना शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे जिथवरचं काम डिस्कवर जपून ठेवलंय तिथून चालतं; मधली मेहनत वाया. दिवसात अनेकदा कोरल उघड-बंद होत असेल तर टिक करा. पण रॅम 4 जीबी असेल तर करू नका. हाताशी असलेलं कामच रखडेल. एलएचसी अ‍ॅट होम या कणभौतिकीच्या प्रकल्पाचं अ‍ॅटलस हे काम व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) चालतं आणि गिगाबाइटच्या हिशेबात रॅम मागतं. साध्या पीसीवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

विजेचं बोलू. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आहे माझ्याकडे. नुसता चालू पीसी 40 वॅटच्या आसपास, सहा कामांवर 85, बारा कामांवर 110 च्या वर. म्हणजे कामं निम्मी केली तरी वीज निम्मी होत नाही. जो पीसी एरवी बंदच असता तो केवळ बोइंकसाठी चालू ठेवणं सर्वांत महाग. बारा कामांनी रात्रीचे आठ तास म्हणजे जवळपास एक युनिट. दुकानाचं मीटर व्यापारी दराचं, तेव्हा आपल्या बिलावरचा दर लावून आधी हिशेब करा. डेली शेड्यूल्समध्ये वेळ ठरवता येते आणि वारानुसार बदलताही येते. माझं रात्री 10 ते सकाळी 7 असं आहे. मे महिन्यात दुपारी पारा 44-45 ला असतो, तेव्हा बंद दुकानात पूर्ण ताकदीने प्रोसेसर चालवणं हा शहाणपणा नव्हे. एप्रिल-मेमध्ये मी रात्रीही 50 टक्क्यांच्या वर जात नाही, आणि त्याआधी ब्लोअरने धूळ काढून घेते.

बोइंक बनवणाऱ्यांच्या डोक्यात इन्व्हर्टर नसावा. 'बॅटरीवर असताना थांबा' ही सेटिंग लॅपटॉपला चालते, कारण प्लग काढल्याचं त्याला कळतं. आपल्याकडे वीज गेली की घरचा इन्व्हर्टर सुरू होतो, लॅपटॉपला वाटतं प्लगमध्ये वीज आहेच, आणि बोइंक मजेत गणितं करत राहतं. तिकडे पंखा नि ट्यूबलाइटसाठी राखलेली बॅटरी उतरते. उपाय दोन. यूपीएस यूएसबी केबलने जोडता येणारा असेल तर जोडा. असे बरेच यूपीएस विंडोजला बॅटरी म्हणून दिसतात, मग तीच सेटिंग लागू पडते. नाहीतर रात्रीचा पीसी इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवूच नका. वीज गेली तर तो बंद पडेल, बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज आल्यावर चालू हो' निवडलं असेल तर परत उठेल, आणि काम चेकपॉइंटपासून पुढे जाईल. दिवसा वीज गेली तर खालच्या पट्टीतल्या आयकॉनवर राइट क्लिक करून स्नूझ; तासभर शांतता.

डिस्क आणि नेटच्या मर्यादा सरळ आहेत, वाचून भरा. कामाचा साठा मात्र कमी ठेवा. प्रत्येक कामाला मुदत असते, आणि रोज नऊ तासच चालणाऱ्या पीसीने दहा दिवसांचं काम उचलून ठेवलं तर बरंचसं मुदतीबाहेर जातं. मी अर्ध्या दिवसावर ठेवलंय.

अर्धा तारा कापला तो एका गोंधळासाठी. हीच सेटिंग प्रकल्पाच्या संकेतस्थळावरही असतात. पण मॅनेजरमध्ये एकदा काही बदलून सेव्ह केलं की त्या पीसीपुरतं तेच चालतं, आणि संकेतस्थळावर कितीही आकडे फिरवले तरी फरक पडत नाही. मॅनेजरमधलं 'यूज वेब प्रेफ्स' बटण दाबेपर्यंत हे असंच राहतं. दोन-तीन पीसी असतील तर कुठली तरी एकच जागा ठरवा.

अँड्रॉइडवरही बोइंक आहे, आणि तिथली मूळ सेटिंग उलट फारच सोवळी आहेत: फोन चार्जिंगला हवा, बॅटरी 90 टक्क्यांवर हवी, तिचं तापमान 40 अंशांच्या आत हवं. आमच्या मे महिन्यात शेवटची अट पाळायला फोन फ्रिजमध्येच ठेवावा लागेल. जुना फोन पडून असेल तर दिवाळीनंतर लावून बघा.