सीटचा सेन्सर गेलाय की नुसता कनेक्टर सैल? स्कॅनर आणि मल्टिमीटर, कोणावर भरवसा ठेवावा

शेजारची सीट रिकामी आहे, तरी बेल्टचा बजर थांबत नाही. किंवा मोठा माणूस नीट बसलाय आणि डॅशबोर्डवर पॅसेंजर एअरबॅग बंद असल्याचा दिवा पेटलेला. अशा वेळी सर्रास ऐकू येणारं उत्तर एकच: ‘सेन्सर गेला, मॅट (सीटवर कुणी बसलंय का हे ओळखणारी, गादीतली सेन्सरची पट्टी) बदला.’ पण मॅट बदलायची म्हणजे सीट बाहेर काढायची, कव्हर उतरवायचं, आणि बऱ्याच गाड्यांत फोमसकट सगळा संच नवा बसवायचा. एवढा खटाटोप करण्याआधी बिघाड सेन्सरमध्येच आहे की सिग्नल वाटेतच तुटतोय, याची खात्री करून घ्यायला हवी. त्यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावायचा की वायरी तपासणारा मल्टिमीटर, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर गाडीत कोणत्या जातीचा सेन्सर आहे यावर ठरतं. साधा प्रकार म्हणजे गादीत बसवलेली पातळ प्लास्टिकची मॅट आणि तिच्या दोन वायरी. कुणी बसलं की दाबाने आतले संपर्क जुळतात, रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) बदलतो, आणि गाडी बेल्ट लावायची आठवण करते. दुसरा प्रकार जास्त हुशार: सीटवर मोठा माणूस आहे, लहान मूल आहे की कुणीच नाही हे ठरवणारा, आणि त्यावरून एअरबॅग चालू-बंद करणारा. यात कुठे गादीखाली सिलिकॉन जेलची पिशवी आणि प्रेशर सेन्सर असतो, कुठे सीटच्या पायांशी वजन मोजणारे लोड सेल, तर कुठे शरीराच्या जवळ येण्याने बदलणारं विद्युतक्षेत्र मोजलं जातं. अमेरिकेत २००३ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या एअरबॅगच्या नियमांमुळे ही दुसरी जात तिथे सर्वत्र पसरली. त्यामुळे एकाच मॉडेलच्या गाडीत देशागणिक सेन्सर वेगळा निघू शकतो. इंटरनेटवरचा व्हिडिओ बघून आपली सीट उघडू नये, ते यासाठीच.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा: हा बिघाड आहे तरी का? सीटवर ठेवलेली जड बॅग बजर वाजवते, हे तर सगळ्यांना माहीत असतं. पण सीटखाली कोंबलेला डबा किंवा छत्री लोड सेलचा हिशोब बिघडवते, जाड सीट कव्हर दाब पसरवतं, ओली गादी विद्युतक्षेत्रवाल्या सेन्सरला गोंधळात टाकते. शिवाय बारीक अंगाची व्यक्ती सीटच्या कडेला किंवा दाराला रेलून बसली, तर एअरबॅग बंदचा दिवा लागणं हे यंत्रणेचं नेहमीचं वागणं असू शकतं. सरळ, पाठ टेकून बसायला सांगा आणि पुन्हा बघा.

आता स्कॅनर. साधा, स्वस्तातला स्कॅनर इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतो. एअरबॅगचे कोड बहुधा ‘बी’ने सुरू होतात, आणि ते वाचणारा स्कॅनर वेगळा लागतो. खरी गंमत मात्र कोडमध्ये नाही, लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे सेन्सर त्या क्षणी काय सांगतोय ते दाखवणाऱ्या आकड्यांत आहे. इग्निशन चालू ठेवा, एकाने स्क्रीन बघायची. सीट रिकामी असताना काय दिसतं, माणूस बसल्यावर काय दिसतं, ते टिपा. मग बसलेल्या माणसाने सीट पार पुढे, पार मागे सरकवायची. आकडा किंवा स्थिती सीट सरकतानाच उडी मारत असेल, तर संशय वायर आणि सीटखालच्या सॉकेटवर. कुणी बसो न बसो, आकडा ढिम्म हलत नसेल, तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या मॉड्यूलवर, म्हणजे सेन्सरचा सिग्नल वाचणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर. आणि स्क्रीनवर सगळं अचूक दिसत असूनही बजर वाजत असेल, तर सीट सोडा, बेल्टच्या बकलमधला स्विच तपासा. पाच मिनिटांत एवढं कळतं, तेही एकही सॉकेट न काढता.

मल्टिमीटरचं राज्य फक्त दोन वायरींच्या मॅटपुरतं. तिथे तो उत्तम: मॅटच्या बाजूने रेझिस्टन्स मोजा, मग सीटवर बसून मोजा. आकडा स्वच्छ बदलला तर मॅट बहुधा ठीक, पुढची वायरिंग बघा. रिकाम्या सीटवर काही मॅट पूर्ण उघडं सर्किट (संपर्कच नाही असं) दाखवतात, काहींत आतच रेझिस्टर असल्याने ठरावीक आकडा येतो, म्हणून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून बघा. लोड सेल किंवा मॉड्यूलवाल्या यंत्रणेत मात्र मल्टिमीटर वीजपुरवठा आणि अर्थिंग येतंय का, याच्या फार पलीकडे काही सांगू शकत नाही.

आणि इथे धोका आहे. त्याच सीटखालून साइड एअरबॅगच्या, कधी बेल्ट आवळणाऱ्या प्रिटेन्शनरच्याही वायरी जातात. त्यांचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. त्यांवर मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजायचाच नाही, कारण मीटरचा बारीकसा करंटही एअरबॅग उडवू शकतो. कोणताही सॉकेट काढण्याआधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं. इग्निशन चालू असताना सॉकेट ओढला तर नवा कोड साठतो आणि तो पुसायला शेवटी स्कॅनरच लागतो.

अधूनमधून येणाऱ्या बिघाडात मल्टिमीटर तर फसवतोच. मोजण्यासाठी सॉकेट काढला, परत बसवला, की गंजलेली पिन घासली जाते आणि दिवा विझतो. थोड्या दिवसांनी परत पेटतो. असं झालं तर नवी मॅट घेण्याआधी ती पिन आणि वायरचा सीटबरोबर वाकणारा भाग नीट करून घ्या.

माझं मत सरळ आहे. एअरबॅगचा दिवा पेटला असेल तर स्कॅनर, दुसरा विचार नको. स्कॅनर विकत घ्यायची गरज नाही. गॅरेजमध्ये फक्त तपासणीचे पैसे द्या आणि लाइव्ह डेटा आपल्यासमोर दाखवायला सांगा. दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडून मॅट बदलून घेऊ नका. एअरबॅगचा दिवा शांत आहे, फक्त बजर छळतोय, आणि मॅट दोन वायरींची आहे, तरच मल्टिमीटर हातात घ्या.

सेन्सरच गेला असं ठरलं, तर जुन्या गाडीची सीट आणून बसवणं स्वस्त वाटतं, पण वजन ओळखणाऱ्या यंत्रणेला त्यानंतर रिकामी सीट म्हणजे शून्य वजन, हे स्कॅनरने नव्याने लावून घ्यावं लागतं. जेलच्या पिशवीचा प्रकार असेल तर काही कंपन्या फोम, पिशवी आणि मॉड्यूल एकमेकांशी जुळवलेला संचच देतात. त्यातला एकच भाग बदलून चालत नाही.

राहिला सेन्सरच्या जागी रेझिस्टर किंवा नकली प्लग लावून गाडीला ‘कुणीतरी बसलंय’ असं भासवायचा जुगाड. दिवा जातो. पण एअरबॅग ठरवणाऱ्या सीटवर हा प्लग असताना बाळाची मागे तोंड केलेली सीट तिथे ठेवली, तर एअरबॅग थेट तिच्या पाठीवर आदळेल, आणि बाळ त्यातून वाचेलच असं नाही. हा पर्याय यादीतच धरू नका.

दुरुस्ती होईपर्यंत मुलांना त्या सीटवर बसवू नका, मोठ्यांनीही शक्यतो मागे बसावं. सेन्सर बिघडल्यावर एअरबॅग चालू राहते की बंद होते, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने ठरवलेलं असतं. गाडीच्या पुस्तकात एअरबॅगच्या प्रकरणात ते बघून घ्या.