आंजर्ल्याच्या खाडीत बोटीचा तळ धुवून देणारी टीम, माझा ह्या वर्षीचा अनुभव

आमची बोट ३२ फुटी, फायबरची, हर्णै बंदरातली. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते म्हणून मे अखेरच्या अमावस्येचं उधाण गाठून आम्ही ती आंजर्ल्याच्या खाडीत वर ओढतो आणि तळ धुऊन, शाकारून ठेवतो. आजवर हे काम घरचे आणि खलाशी मिळून करायचो, गेल्या वर्षी पहिल्यांदा बाहेर दिलं आणि फार मनस्ताप झाला. ह्या वर्षी ह्या चार पोरांना बोलावलं. टेम्पोत प्रेशर वॉशर, जनरेटर आणि गोड्या पाण्याची टाकी घालून येतात. ९ हजार घेतले, पाणी त्यांचंच. मे महिना आला की जो तो विचारत फिरतो कोणाला बोलवू, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेळ. भरतीच्या वेळेचा हिशेब आपल्या सगळ्यांना लहानपणापासून पाठ, तिथीची पाऊणपट, म्हणजे अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या भरतीला बोट ओढून नीट टेकवेपर्यंत साडेबारा वाजतात आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन. तळ ओला आहे तोवर शेवाळ नुसत्या झोताने सुटतं आणि बार्नकलसुद्धा पत्री (खरवडायची पट्टी) लावली की टचकन निघतात. पण दोन-तीन तास ऊन लागलं की शेवाळाची खपली धरते आणि बार्नकल सिमेंट लावल्यासारखे बसतात, मग कितीही घासा. (बार्नकल शिंपल्यासारखा दिसतो पण तो कोळंबी-खेकड्याच्या जातीतला प्राणी आहे, पिल्लू असताना पाण्यात पोहतो आणि एकदा चिकटला की जन्मभर तिथेच, त्याचा डिंक इतका जबरदस्त की प्राणी मेला तरी सुटत नाही.) ही पोरं साडेदहालाच येऊन बसली होती, पाइप जोडून, आणि बोट अजून ओढत होतो तेव्हाच नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग धुवायला सुरुवात केली. तीन वाजेपर्यंत मोठं काम संपलं होतं. मला ह्याच एका गोष्टीसाठी ते आवडले.

गेल्या वर्षी ज्याला दिलं होतं, नाव घेत नाही, तो "उद्या येतो" म्हणत तिसऱ्या दिवशी आला. तोवर सगळं वाळून दगड. मग त्याने लोखंडी पत्री आणि वर ग्राइंडर चालवला, आणि मी घरी जेवायला गेलो होतो तेवढ्यात दोन ठिकाणी जेलकोट उडवून आतली फायबरची जाळी उघडी पाडली. जेलकोट म्हणजे फायबरची कातडी हो, ती गेली की पाणी आत मुरतं आणि फोड येतात. ऑगस्टमध्ये बाकीच्या बोटी समुद्रात गेल्या आणि आम्ही किनाऱ्यावर रेझिन लावत बसलो होतो. वडील त्या आठवड्यात कोणाशी धड बोलले नाहीत.

ह्या टीमकडे पत्री प्लॅस्टिकची, आणि झोत पंख्यासारखा पसरणारा, सुईसारखा नाही, तोही तळापासून हातभर लांब धरून. मी मुद्दाम शेजारी उभा राहून बघितलं. फिशफाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) सेन्सर आधी फडक्याने झाकला आणि शेवटी हातानेच पुसला, हे मी सांगितलं नव्हतं. बोटीच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) आणि त्याच्या शाफ्टवर बसलेले बार्नकल सावकाश काढले, मशीन लावलं नाही. पंखा गंजू नये म्हणून लावलेला झिंकचा तुकडा निम्म्याहून जास्त खाल्ला गेलाय हेही त्यांनीच दाखवलं आणि नवीन बसवल्यावर त्यावर चुकूनही रंग मारू नका म्हणाले. बरोबर आहे, झिंक उघडा राहून झिजला तरच पंखा वाचतो, रंगवला की काही उपयोग नाही.

बार्नकल निघाला तरी खाली पांढरी गोल चकती राहते, ती चुनखडीची असते. ती तशीच ठेवून वर रंग मारला तर रंग पोपड्यासारखा निघतो. त्यावर त्यांनी पातळ केलेलं ॲसिड ब्रशने लावलं, फसफसलं की लगेच भरपूर पाण्याने धुतलं, हातमोजे आणि चष्मा घालून. धातूच्या जवळ अजिबात नेलं नाही. ह्या कामाला वेळ लागतो आणि इथेच बरेच जण घाई करतात.

आता जे पटलं नाही ते. बोट ज्या ओंडक्यांवर आणि टायरांवर टेकलेली असते तिथला तळ त्यांनी तसाच सोडला. टेकू हलवून परत धुवायला हवं होतं, मला दुसऱ्या दिवशी जॅक लावून स्वतः करावं लागलं आणि तोवर ते चांगलंच वाळलं होतं. आधी बोलून घ्या. पाणरेषेवरचा पिवळा डागही ह्या पैशात येत नाही, त्याचे वेगळे मागतात, मी नको म्हटलं.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त लागली. तळाच्या लाल रंगात तांबं असतं, त्यानेच तर शेवाळ-बार्नकल दूर राहतात, आणि धुताना तो रंग पाण्याबरोबर सुटून सरळ खाडीत जातो. ह्याच खाडीत आपल्या बायका ओहोटीला कालवं काढायला बसतात. मी हटकलं तेव्हा त्यांनी माझीच ताडपत्री खाली अंथरली आणि साचलेली घाण पोत्यात भरून वर आणली, तक्रार न करता. पण ताडपत्री त्यांनी स्वतःची आणायला हवी आणि न सांगता अंथरायला हवी. सुका रंग घासताना मास्कही चौघांपैकी दोघांनीच लावला होता, ती धूळ छातीत जाते रे पोरांनो.

जुलैमध्ये रंगाचे दोन हात मारले, रंग एकसारखा बसला, कुठे पोपडा नाही. १ ऑगस्टला बोट उतरवली. पूर्वी इंजिनाच्या १६०० आरपीएमला साडेसहा नॉट वेग मिळायचा, आता साडेसात मिळतो. वडिलांनी जीपीएसवर दोनदा बघून खात्री केली.

पुढच्या वर्षीही ह्यांनाच सांगणार आहे, टेकू आणि ताडपत्रीचं आधीच ठरवून. बुकिंग मे सुरू झाला की लगेच करा, कारण शेवटच्या उधाणाला सगळ्यांच्याच बोटी एकदम वर येतात आणि टीम एकच आहे. आम्ही अमावस्येचा दिवस १० मेलाच सांगून ठेवला होता, आमच्या नंतरच्या दोघांना दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली आणि त्यांनी रात्रभर ओली गोणपाटं टाकून तळ ओला ठेवला.