पेट्रोलचा वास आणि ३५,८६३ रुपये

आकडा आधीच सांगतो. पस्तीस हजार आठशे त्रेसष्ट रुपये. त्यातले ३३,२६३ मी माझ्या मोबाइलवरून, माझ्या बोटांनी, गाडी दुरुस्तीच्या नावाखाली घरी येऊन फसवणाऱ्यांना पाठवले. उरलेलं २,६०० रुपयांचं पेट्रोल माझ्यासमोर कॅनमध्ये भरून नेलं. गाडीतला खरा बिघाड दुरुस्त व्हायला लागले ८४० रुपये.

हे लिहायला दोन महिने गेले, कारण लाज वाटते. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ३१ वर्षं मी दुसऱ्यांची बिलं तपासली. ठेकेदारांनी एका पाइपाचे दोन पाइप दाखवलेले मी पकडले आहेत. आणि स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या गाडीसाठी, मला एक नळीचा तुकडा ओळखता आला नाही. तरी लिहितोय, कारण असाच प्रकार आमच्या ओळखीतल्या आणखी एका घरी झाल्याचं नंतर कळलं. ते गप्प बसले नसते तर मी वाचलो असतो.

आमचं नाशिकला सिडकोत रो-हाऊस आहे. गाडी २०१४ची, पेट्रोलवरची, पोर्चमध्ये उभी असते. स्वयंपाकघराची खिडकी त्या पोर्चमध्येच उघडते. जानेवारीत मुलगी बाळंतपणाला आली होती, बाळ एकोणीस दिवसांचं होतं. ज्यांच्या घरी बाळंतीण असते त्यांना सांगायला नको: सकाळी अंघोळीनंतर शेक, शेगडीत निखारे, बाळाला ओव्याची धुरी. गॅस गीझर चालू. देवापाशी समई. घरात चार ठिकाणी विस्तव.

त्या सकाळी सहाला बायकोनं हाक मारली, "अहो, पेट्रोल सांडलंय का कुठं? खिडकी उघडवत नाहीये."

बाहेर आलो तर पोर्चभर वास. गाडीखाली फरशी कोरडी. मागचं दार उघडलं तेव्हा मात्र नाकात झिणझिण्या आल्या. आदल्या संध्याकाळीच टाकी फुल केली होती. पंपावरची बंदूक खटकन बंद झाल्यावरही मी पोराला सांगून रक्कम गोल करून घेतली होती, २,६०० रुपये.

त्या वेळी जे केलं ते बरोबर केलं, आणि ते मी कोणाकडूनही चूक म्हणून ऐकून घेणार नाही. गाडी सुरू केली नाही. पोर्चच्या दिव्याच्या बटणाला हात लावू दिला नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, आणि आमची शेगडी जमिनीवरच होती. शेगडी मागच्या अंगणात नेली, गीझर आणि सिलेंडर बंद केला, समई शांत केली, मागची दारं उघडली. शेजारचे दोघं आले, गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत गेटबाहेर मोकळ्यावर नेली. तुमच्याकडे असं झालं तर आधी एवढंच करा. मेकॅनिक नंतर. गाडी मोकळ्या हवेत गेली की घाई संपते. मला वाटत होतं घाई आता सुरू झाली, आणि तिथंच मी त्यांच्या हातात सापडलो.

आमचा नेहमीचा मिस्त्री लग्नासाठी गावी गेला होता, फोन बंद. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं पाच दिवसांनंतरची तारीख दिली आणि गाडी टो करून आणा म्हणाले. आतून मुलगी विचारतेय, "बाबा, बाळाला घेऊन मी मावशीकडे जाऊ का?" पहाटे पाच अंशांच्या थंडीत एकोणीस दिवसांचं बाळ हलवायचं? म्हणून मोबाइलवर शोधलं, घरी येऊन दुरुस्ती करणारे. पहिला नंबर, भरपूर तारे, भरपूर कौतुक. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानंही तोच नंबर लावला असता.

फोनवरचा आवाज गोड, मराठी. "काका, घरात कोण कोण आहे? लहान मूल आहे का?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं काळजीनं विचारतोय. गाडीबद्दल विचारण्याआधी घरातल्या माणसांबद्दल विचारणाऱ्याला काहीही सांगू नका.

तासाभरात दोघं आले. एकसारखे निळे टी-शर्ट, पाठीवर बॅगा. व्हिजिट ४९९ रुपये, आधीच द्यायचे. मी म्हटलं वास मागून येतोय. तो म्हणाला, "काका, वास कुठूनही येतो, मूळ पुढं असतं," आणि बॉनेट उघडलं. मागच्या सीटकडे कोणी फिरकलंही नाही. मग मला म्हणाला, "तुम्ही आत बसा, हा वास या वयात बरा नाही. आणि आरसी आणा ना जरा." आरसीचा पेट्रोल गळतीशी काय संबंध? मी आत गेलो, कपाटातून फाइल काढली, बाहेर आलो, तेवढ्यात त्याच्या हातात एक काळी रबरी नळी. टोकाला उभी चीर.

आता मी जे सांगतो ते नीट वाचा, कारण मी रोज रात्री तिथंच परत जातो.

तो म्हणाला, "ही बघा तुमची फ्युएल लाइन. ई-२०नं खाल्ली." मी तो तुकडा हातात घेतला. चिरेत नखं घालून पाहिलं. नाकाजवळ नेला. वास नव्हता. नळी कोरडी ठणठणीत होती, आतून पांढरट धूळ होती. अकरा वर्षं जिच्यातून पेट्रोल वाहिलं, पाच मिनिटांपूर्वी जी गाडीतून काढली, ती नळी कोरडी कशी असेल? हात तेलकट झाले नाहीत, बोटांना वास लागला नाही. माझ्या नाकानं मला सांगितलं होतं. मला ते कळलंही होतं, असं मी आज शपथेवर सांगतो, कुठंतरी खटकलं होतं. पण त्याच क्षणी बाळ रडलं, बायको दारात आली, "झालं का हो?" आणि मी तुकडा त्याला परत न देता खिशात टाकून "किती?" असं विचारलं. नळी ४,६५०, मजुरी १,८००. व्हिजिट धरून ६,९४९.

ई-२०चं नाव त्यानं उगाच घेतलं नव्हतं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल तेव्हा घरोघरी बोललं जात होतं. काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं होतं, आणि तेही कमी खर्चाचं, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होणारं काम म्हणून. मी ती बातमी वाचली होती. म्हणूनच मला त्याचं पटलं. त्यांचं खोटं नेहमी तुम्ही वाचलेल्या खऱ्या गोष्टीला चिकटून येतं.

वास संध्याकाळपर्यंत तसाच. फोन केला. दुसऱ्या दिवशी तेच दोघं. आता म्हणाले, "टाकीत पाणी आणि गाळ आहे, पंप गेलाय, कॅनिस्टर भरलाय." कॅनिस्टर म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा डबा. टाकी रिकामी करावी लागेल म्हणाले, आणि झाकणातून नळी घालून पेट्रोल काढायला बसले. कुठं? पोर्चच्या तोंडाशी. कशात? आधी आमच्याच धुण्याच्या उघड्या बादलीत, मग कॅनमध्ये. इन्व्हर्टर तिथून सहा फुटांवर. मी ओरडलो तेव्हा कॅन बाहेर नेले. पैशांचं दुःख मी गिळीन, पण ज्या घरात तान्हं बाळ आहे हे माहीत आहे, त्याच घराच्या दारात उघड्या बादलीत पेट्रोल ओतणाऱ्याला मी कधी माफ करणार नाही. "खराब पेट्रोल आहे, आम्ही त्याची विल्हेवाट लावतो," म्हणून तिन्ही कॅन घेऊन गेले.

पंप ९,८००. कॅनिस्टर ६,५००. टाकी सफाई ३,५००. मजुरी २,५००. बेरीज २२,३००, वर अठरा टक्के जीएसटी ४,०१४. एकूण २६,३१४. जुना पंप मागितला तर म्हणाले कंपनीला परत द्यावा लागतो. जुना भाग तुमच्या पैशांनी घेतलेला असतो, तो तुमचा आहे. तो हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि वास गेला! पूर्ण गेला. बायकोनं त्यांना चहा दिला होता, मी आभाराचा मेसेज पाठवला. पाच तारे दिले. ते पाच तारे मी नंतर काढून टाकले, पण त्या चार दिवसांत ते वाचून कोणी त्यांना बोलावलं असेल तर त्याची मी माफी मागतो.

पाचव्या दिवशी टाकी भरली. सहाव्या दिवशी सकाळी तोच वास. फोनवर तो म्हणाला, "मग काका टाकीलाच बारीक छिद्र असणार, टाकी बदलू. १८,५००." तेव्हा माझे डोळे उघडले.

मिस्त्री गावाहून आला होता. घरी आला, बॉनेटला हातही लावला नाही. वाकून मागच्या चाकापाशी वास घेतला, मागच्या सीटची गादी उचलली, खालचं झाकण उघडलं. टाकीत बुडालेल्या पंपाचं तोंड तिथं असतं. त्याच्याभोवतीचं रबरी सील कडक होऊन तडकलं होतं. टाकी गळ्यापर्यंत भरली की पेट्रोल तिथून वर झिरपायचं, पातळी खाली गेली की झिरपणं बंद. म्हणजे त्यांनी काहीही दुरुस्त केलं नव्हतं, फक्त टाकी रिकामी केली होती! मग त्यानं मला टॉर्चनं दाखवलं: पंपाच्या झाकणावर अकरा वर्षांची धूळ थरासारखी बसलेली, नटांवर गंज, पान्याचा एक ओरखडा नाही. पंपाला कोणी स्पर्शही केला नव्हता. कॅनिस्टरवर २०१४चाच शिक्का. पुढच्या नळ्याही मूळच्या.

सील ३४० रुपये, मजुरी ५००. आणि जाताना म्हणाला, "साहेब, बंदूक बंद झाली की टाकी भरली. वरून ओतून घेऊ नका, जादा पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि मग तोही खराब होतो." पन्नास पैशांच्या गोल आकड्यासाठी मी वर्षानुवर्षं हेच करत आलो होतो.

मग मी बिल पाहिलं. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो. जीएसटी क्रमांकाची सुरुवात २४नं. महाराष्ट्राचा कोड २७, २४ गुजरातचा. ही गोष्ट मला झोपेतही सांगता येते, नोकरीत मी यावरून बिलं परत पाठवली आहेत. पोर्टलवर टाकून पाहिला, असा क्रमांकच नाही. ४,०१४ रुपये कर म्हणून घेतले आणि ते कुठल्याच सरकारकडे गेले नाहीत. बिल आल्यावर आधी क्रमांक तपासा, दोन मिनिटं लागतात. पैसे कुणा व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यावर मागितले तर तिथंच थांबा. माझे तीन वेळा पाठवलेले पैसे तीन वेगवेगळ्या नावांवर गेले होते.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी दोन तास बाकावर. मग हवालदार म्हणाले, "काका, गाडी चालते ना आता? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे." मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लिहून नेलं होतं. न बदललेल्या पंपाचे पैसे घेणं ही फसवणूक नसेल तर फसवणूक कशाला म्हणायचं? ते म्हणाले, "तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत." प्रत्येक फसलेला माणूस स्वतःहूनच पैसे देतो! फसवणूक आणि दरोडा यात फरक तोच आहे.

बँकेत गेलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, ओटीपी चोरला नाही, लिंक नाही, तुम्हीच पिन टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. तक्रारीची पोच मागितली तर अॅपवर टाका म्हणाल्या. अॅपवर टाकली, तीन दिवसांत "निराकरण झाले" असा मेसेज. कोणी निराकरण केलं, काय केलं, विचारायला माणूसच नाही. वाहनांच्या कचेरीत गेलो, तर गॅरेज आमच्याकडे येत नाही, आमच्याकडे गाडी येते. कर कार्यालयात गेलो, तर ऑनलाइन तक्रार करा. पंधरा दिवस मी फाइल बगलेत घेऊन फिरलो. मी स्वतः सरकारी टेबलामागे ३१ वर्षं बसलो आहे. समोर उभ्या माणसाला खुर्ची द्यायला आणि त्याचा कागद घेऊन पोच द्यायला काहीही लागत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मनाला जास्त लागतं.

ग्राहक आयोगाचा रस्ता खरा आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे एक बंद झालेला फोन नंबर आणि तीन नावं आहेत. पत्ता शोधून द्यायचं काम पोलिसांचं, आणि पोलीस म्हणतात दिवाणी बाब. तेव्हा कोणीही घरी आला की आधी त्याचं ओळखपत्र आणि दुचाकीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, मग बॉनेट उघडू द्या. तो रागावला तर जाऊ द्या. आणि काम चालू असताना तिथून हलू नका, आरसी, पाणी, काहीही मागू देत.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर वरिष्ठांकडे लेखी पाठवता येते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४). मी स्पीड पोस्टानं पाठवली आहे. सोबत बिलाचा फोटो, तिन्ही व्यवहारांचे उतारे, मिस्त्रीचा लेखी जबाब आणि पंपाच्या गंजलेल्या नटांचे फोटो.

तो नळीचा तुकडा जोडता आला नाही. ठाण्यात मी तो टेबलावर ठेवला होता, म्हटलं, "साहेब, एकदा वास घेऊन बघा." हवालदारांनी तो बोटानं माझ्याकडे सरकवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.